हौसाबाईने लावलेली चिरफाड

कोपरीच्या आगरी पाड्यात हौसाबाईशिवाय लग्न लागत नसे, आणि मानेवरचं आवाळू काढून आल्यापासून तिला विचारल्याशिवाय कुणी मुंबईच्या मोठ्या इस्पितळातही जात नसे. पहिल्या कामाचं शिक्षण तिला आईकडून मिळालं होतं. आईसारखीच हौसाबाईही धवलारीण, म्हणजे लग्नाचे विधी गाण्यातून लावणारी बाई होती. भटजी मंत्र म्हणत तेव्हा मांडवातली माणसं मिठागराच्या बांधाबद्दल बोलत बसत; हौसाबाईनं धवला धरला की गप्प होत, कारण पुढे काय करायचं ते तिच्या गाण्यात असे. आता हळद वाटा, आता नवऱ्याला पाटावर बसवा, आता सासऱ्यानं त्याचे पाय धुवावेत. ती गाईल तसं लग्न पुढे सरके. एका लग्नात तिला मिरचीचा ठसका लागला, तर तिचं खोकणं थांबेपर्यंत नवरानवरी हात वर करून हार धरून उभे राहिले. भटजी दोनदा ‘सावधान’ म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या कामाचं शिक्षण मात्र तिला झोपेत मिळालं.

त्याचं असं झालं. हौसाबाईच्या मानेवर एक आवाळू होतं. आधी ते बोराएवढं होतं, मग लिंबाएवढं, मग असोल्या नारळाएवढं झालं आणि डोक्यावर घडा नीट बसेना. ठाण्याच्या दाक्तरानं तिला मुंबईला धाडलं. तिथं दाक्तरीचं कॉलेज आणि इस्पितळ एकाच आवारात. शिकणारी मुलं एका बाजूनं आत येत, कापून घेणारी माणसं दुसऱ्या बाजूनं. हौसाबाईला एका हमालानं उचलून पांढऱ्या खाटेवर घातलं. घालण्याआधी कुरकुरत तिचे चिखलाचे पाय धुतले, कारण चादर त्याला धुवावी लागली असती. मग तिला एका मोठ्या खोलीत नेलं. तिथं पायऱ्यांसारखी गोल बाकं होती, बाकांवर मुलं होती, आणि कोपऱ्यात पितळेचं एक फवाऱ्याचं यंत्र फुसफुसत होतं. कुणीतरी नाकावर फडकं धरलं. फडक्याला अति पिकलेल्या फणसाचा वास आला. पुढचं तिला आठवतं ते ओकारीपासून. मान बांधलेली होती आणि आवाळू गेलं होतं.

एवढंच. पण घरी आल्यावर पाड्यातल्या बायका तिच्या ओटीवर जमल्या, मागे बाप्ये उभे राहिले, आणि सगळे मांडवात बघतात तसे तिच्या तोंडाकडे बघू लागले. आता धवलारणीनं लोकांसमोर बसून ‘मना काय ठावं, मी झोपली व्हती’ असं सांगायचं का? हौसाबाईनं पदर खोचला आणि जे जे होणं रीतीला धरून होतं ते सगळं झालं म्हणून सांगितलं.

बाकांवरची मुलं हे वऱ्हाड झालं. फवाऱ्याचं यंत्र ही गुलाबदाणी झाली. नाकावरचं फडकं हा अंतरपाट. चाकू चालवणारा मोठा गोरा साहेब हा मुलीचा बाप, सगळ्यात ताठ, आणि त्याची भाषा काढताना हौसाबाई नाक चिमटीत धरून हनुवटी गळ्यात रुतवी आणि पोटातून आवाज काढी, की पोरं ओटीवरून खाली गडगडत. पाय धुणारा हमाल पहिल्या खेपेला हमालच होता. शिमग्याला तो कंपाउंडर झाला. पुढल्या लग्नसराईपर्यंत त्याची बढती होत होत पाय धुवायला प्रत्यक्ष मोठा साहेब वाकू लागला.

यात नुकसान कुणाचंच नव्हतं. गोविंदाच्या मांडीला गळू होतं. तो चाकूच्या नावानं घाबरून खाडीत लपून बसे. हौसाबाईचं ऐकून तो डोक्याला फेटा बांधून इस्पितळात गेला आणि गळू फोडून आला. त्याचे पाय कुणी धुतले नव्हते, पण गळवाला एवढा मान कोण देणार, अशी त्यानं आपली समजूत घातली. शिकलेल्या माणसांनी इस्पितळाची माहिती देणारी पत्रकं ठाण्यात वाटली होती म्हणतात. कोपरीत ती सुकट बांधायला फार उपयोगी पडली.

मग हौसाबाईच्या धाकट्या भावाला मुतखडा झाला.

नाथा मिठागरात कामाला होता. मिठागरात पाय हेच हत्यार; कुंड्यांचा, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यांचा, चिखल पायांनी तुडवून घट्ट करायचा, मग वर पाणी घ्यायचं. खारानं त्याच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यात पावली उभी राहावी. असा हा गडी आता बांधावर गुडघे पोटाशी घेऊन कण्हत बसे. कुळथाचं कढण झालं, पाषाणभेद झाला, कल्याणच्या हकिमाची पुडी झाली. लघवीतून रक्त जायला लागलं. ठाण्याच्या दाक्तरानं पोट दाबून बघितलं आणि सांगितलं, की खडा काढला नाही तर हा पावसाळा काही नाथा बघत नाही.

नाथाची बायको गोदा रडत नणंदेकडे आली. नाथा काही केल्या जायला तयार नव्हता. तिथं माणसाला निजवतात आणि कापतात, मग आपल्यात आणि बोकडात फरक काय, असं त्याचं म्हणणं. हौसाबाईनं त्याच्यासमोर बसून सगळी चिरफाड पुन्हा लावली, मांडवापासून अंतरपाटापर्यंत. नाथा डोळे मिटून ऐकत होता. पाय धुण्यापाशी त्यानं डोळे उघडले.

“साहेब धवतो? सोताच्या हातानं?”

“सोताच्या.”

“माझं पाय?”

हौसाबाईनं त्या पायांकडे बघितलं आणि माघार घेतली नाही. “मंग कोनाचं?”

नाथाला ते पटलं. बोकडाचे पाय कोण धुतं? पाय धुतात ते नवऱ्याचे. ज्याचे पाय धुतले तो मानाचा माणूस. त्याला कापलं तरी परत पाठवावं लागतं. तेव्हा पाय धुतले तर आपण आडवे होऊ, नाहीतर उठून चालू लागू, एवढं त्यानं बहिणीला बजावलं आणि तिला बरोबर घेऊन निघाला. भावानं तिचा शब्द न् शब्द खरा धरला होता, आणि ती इस्पितळात झोपली होती.

इस्पितळात त्यांना हरिहर भेटला. ठाण्याच्या एका वकिलांचा हा मुलगा कॉलेजात दाक्तरी शिकत होता. मोठ्या साहेबांना मराठी येत नसे, म्हणून ठाणे-कल्याणकडचा रोगी आला की समजावून सांगायला हरिहर. साहेबांचा नियमच होता, की कापण्याआधी रोग्याला सगळं सांगायचं. हा नियम ते मुलांना शिकवत, आणि पाळायला हरिहरला लावत.

हरिहर नाथाच्या खाटेपाशी उभा राहिला, हात मागे बांधले आणि छतातल्या तुळईला उद्देशून बोलू लागला. “नाथा, तुझ्या मूत्राशयात अश्मरी उत्पन्न झाली आहे. छेद घेऊन ती निष्कासित करणे प्राप्त आहे. क्लोरोफॉर्माच्या योगाने तुला वेदनेचे ज्ञान राहणार नाही. तथापि रक्तस्राव, ज्वर आणि क्वचित प्राणहानीही संभवते. तुझी संमती आहे काय?”

नाथानं मान बहिणीकडे वळवली. “गो बाय, यो काय बोलतं?”

“खडा आतमधी नवरीवानी दरवाजा लावून बसलाय, त्याला बाहेर काराचा हाय. अंतरपाट धरतील, तुना कलनार नाय.”

“आनि शेवटी कायतरी बोलला तो. परान का काय.”

बाकीचं हौसाबाईनं हवं तसं बेतलं होतं, पण हे गाळावं असं तिला वाटेना. लग्नात रुसायची जागा आली तर ती सुद्धा गावी लागते. ती हळू म्हणाली, “एकादा नवरा मांडवातून घरी येत नाय रं. घरजावई व्हऊन तिकरंच रातो.”

नाथाला समजलं. तो तुळईकडे बघत राहिला, हरिहर बघत होता तिथंच. “गोदा काय बोलंल?”

“काय बोलंल. सवत आयली बोलंल.”

नाथा हसला, आणि हसल्यानं कळ आली म्हणून पोट दाबून धरलं. मग त्यानं विचारलं, की पण पाय धुतील ना? हौसाबाईनं साहेबांकडे बघितलं. साहेब लांब उभे राहून घड्याळाच्या सोन्याच्या साखळीशी खेळत होते. वाकणं त्यांच्या पाठीला ठाऊक असावं असं काही दिसत नव्हतं. “धवतील,” ती म्हणाली.

रोगी काय म्हणतो, हे हरिहरनं विचारलं. हो म्हणतो, असं हौसाबाईनं सांगितलं. हरिहरनं साहेबांना तेवढं कळवलं, आणि रोग्याला पूर्ण माहिती मिळाल्याची साहेबांची खात्री झाली.

पण इस्पितळ म्हणजे काही कोपरीचा मांडव नव्हे, की रीत जन्मभर तीच राहील. हौसाबाई तिथं झोपली होती त्याला काही वर्षं झाली होती. साहेबांनी आता पद्धत बदलली होती. रोगी टेबलावर घेतला की सगळ्यात आधी फवारा. हवेत जंतू असतात म्हणे, ते आधी मारायचे. पाय धुणारा हमालही राहिला नव्हता. आता वरून स्वच्छ पायमोजे चढवत.

शस्त्रक्रियेच्या दिवशी हौसाबाईला बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं होतं. ती बसली नाही, दारात उभी राहिली. नाथाला टेबलावर बसवलं. त्यानं पाय पुढे केले आणि वाट बघू लागला. कुणी पाणी आणलं नाही. एक पट्टेवाला मोजे घेऊन आला, ते नाथानं झिडकारले. तेवढ्यात कोपऱ्यातलं यंत्र सुरू झालं आणि थंडगार फवारा त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर, उघड्या छातीवर बसायला लागला.

आता आगरी माणसाच्या अंगावर पाणी शिंपडलं म्हणजे काय, हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. देवीला बोकड देतात तेव्हा आधी त्याच्यावर पाणी शिंपडतात आणि सगळे वाट बघतात. बोकड अंग झाडतो, थरथरतो; ती त्याची कबुली. देवीनं घेतला, म्हणतात, आणि मग सुरी. अंग झाडलं नाही तर कापता येत नाही, मग दिवस मावळला तरी थांबायचं. नाथानं आयुष्यात पुष्कळ बोकड कानाला धरून उभे केले होते. त्यानं दात आवळले, मुठी आवळल्या, श्वास कोंडला आणि दगड झाला. गार पाणी मणक्यावरून ओघळत होतं, कातडीवर काटा उभा होता, पण थरथर म्हणून नाही.

बाकांवर कुजबुज झाली. साहेबांनी बोट दाखवून मुलांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं.

दारातून हौसाबाईनं ते बघितलं आणि तिला एका नजरेत सगळं उमगलं. भाऊ नवरा म्हणून आत गेला होता आणि बोकड होऊन बसला होता, तोही न कबूल झालेला. फवारा थांबला. नाथानं श्वास सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आधी पाय धवा. पाय धवल्याबिगर मी आरवा व्हनार नाय.”

हरिहर घामाघूम होऊन दाराशी आला. रोगी भलतंच बोलतो आहे, साहेबांना हे कोणत्या तोंडानं सांगायचं, शहाणपण शिकवा याला, असं त्याचं पुटपुटणं. नाथा तर टेबलावरून एक पाय खाली सोडून बसला होता. दुसरा सोडला की तो घरी निघाला, आणि घरी म्हणजे किती दिवसांसाठी, ते ठाण्याच्या दाक्तरानं सांगून ठेवलं होतं.

मोठ्या साहेबानं मिठागरवाल्याचे पाय धुवावेत असं कुणी कुणाला सांगू शकत नव्हतं, हे हौसाबाईला हरिहरपेक्षा चांगलं कळत होतं. म्हणून ती ते बोललीच नाही. तिनं हात मागे बांधले, नजर वर तुळईला लावली, आणि हरिहरच्याच सुरात, तसेच शब्द चावत म्हणाली, “भावाचे पाय सुजले आहेत. गुंगी देण्याच्या आधी ते कोणी पाहिले काय? क्वचित प्राणहानीही संभवते.”

हरिहरचा चेहरा पांढरा पडला. पाय सुजलेला रोगी आणि क्लोरोफॉर्म यांवर साहेबांनी नुकताच तास घेतला होता, आणि सकाळी नाथाला तपासून ठेवायचं काम हरिहरचं होतं. तो आत पळाला. त्यानं साहेबांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. साहेबांच्या भुवया चढल्या.

साहेबांचे हात जंतू मारणाऱ्या कार्बोलिक पाण्याच्या घमेल्यात बुडालेले होते. तसेच निथळते हात घेऊन ते टेबलापाशी आले आणि वाकले. चांगले कमरेतून वाकले. नाथाची डावी टाच त्यांनी एका हातात धरली, दुसऱ्या हाताचा अंगठा घोट्यावर दाबला, सोडला, निरखून बघितला, पुन्हा वर दाबला. घोट्यावरून पाणी ओघळून भेगांत शिरलं. औषध झोंबत असलंच पाहिजे; नाथानं पाय मागे घेतला नाही. मग साहेबांनी उजवा पाय घेतला. सगळं वऱ्हाड मान पुढे काढून बघत होतं. त्या पायांकडे इतकं लक्ष देऊन आजवर कुणी बघितलं नव्हतं, त्याच्या मुकादमानंसुद्धा.

सूज नाही, असं साहेबांनी जाहीर केलं. ते हरिहरनं मराठीत सांगायच्या आतच नाथा आडवा झाला होता आणि फडक्यासाठी तोंड वर करून तयार होता.

दारात हौसाबाईनं पाय धुण्याचा धवला धरला, अगदी ओठांतल्या ओठांत. पट्टेवाल्यानं हात हलवून तिला गप्प केलं. ती गप्प झाली नाही. मग कुणीतरी आतून दार लावलं आणि धवला आपोआप थांबला. इथून पुढचं तिला येत नव्हतं. अंतरपाटाच्या पलीकडे काय होतं ते तिनं कोपरीत इतक्यांदा सांगितलं होतं, आणि आता बंद दाराकडे बघताना त्यातलं एक अक्षर तिला आठवेना. ती व्हरांड्यात खाली बसली आणि दाराला कान लावला. आत भांड्यांचा आवाज येत होता, माणसाचा येत नव्हता. तिनं देवीला, साहेबाला आणि ठाण्याच्या दाक्तरालाही पदर पसरून विनवलं, की घरजावई करू नका.

नाथा परत आला. खडा सुपारीपेक्षा मोठा निघाला, आणि तो काचेच्या बरणीत घालून मुलांना शिकवायला ठेवला. आपला खडा आपल्याला द्या, असं नाथानं मागून बघितलं; सरकारी कामाला लागलेली वस्तू परत मिळत नाही असं त्याला समजलं.

गुंगी उतरली आणि जखम जागी झाली. मग नाथा असा ओरडला, की शेजारच्या खाटेवरचा पाय तुटलेला माणूस उठून बसला. लघवी जखमेतून झिरपे आणि आग होई; हे अशा जखमेचं असंच असतं, थोडे दिवस चालतं, असं हरिहरनं सांगितलं. आधी ते त्याच्या यादीत नव्हतं.

हौसाबाई पेजेची वाटी घेऊन उशाशी बसली होती. नाथानं तिला विचारलं, “तू बोललीस, नंतर हलद लागल्यावानी गार वाटतं.”

“वाटंल.”

“कवा?”

हौसाबाईनं वाटीत चमचा फिरवला. “मना काय ठावं रं. मी झोपली व्हती.”

झोपेत काही दिसत नाही हे नाथाला आता स्वतःच्या अनुभवानं कळलं होतं. “म्हंजे वऱ्हाड, मानपान, साहेब, सगला खोटा?”

“सगला नाय. ओकारी आयली ती खरी.”

त्यावर नाथा तिला आणखी काय काय बोलणार होता, पण तेवढ्यात साहेब मुलांचा घोळका घेऊन आले. साहेबांनी जखम बघितली, मान डोलावली आणि खाटेच्या दांडीला टेकून बरंच बोलले. मुलं लिहून घेत होती. हौसाबाईनं हरिहरला पदराच्या टोकानं हटकून विचारलं, काय म्हणतात? हरिहर त्या दिवसापासून तिच्याशी जपून बोले.

“साहेब म्हणतात, असा शूर रोगी विरळा. फवाऱ्याखाली याच्या अंगाला कंपही सुटला नाही. साहेब म्हणतात, या लोकांना फारसे समजावून सांगावे लागत नाही. यांची संमती स्वाभाविकच असते. ती अशी स्थिर बसण्यातूनच दिसते.”

नाथा तळमळत होता तो थांबला. “संमती? अरे मी अंग झारला नाय. नाय झारला म्हंजे नाय बोललू मी. त्यानला सांग.”

हरिहरला यातलं काही कळलं नाही. साहेबांनी विचारलं, की रोगी काय म्हणतो? सगळ्या पेन्सिली थांबल्या.

हौसाबाई भावाच्या कानाशी वाकली. “नाय बोललास? बरा. साहेब हितंच हायत, खडा बी हाय बरनीत. सांगू त्यानला, व्हता तिथं परत बसवा?”

नाथानं वाटीकडे हात केला.

“नको. पेज दे.”

रोग्याला भूक लागली आहे, असं हरिहरनं कळवलं. हे फार चांगलं लक्षण आहे, असं साहेब म्हणाले, आणि मुलांनी तेही लिहून घेतलं.